कावळा नसलेल्या देशात

गेल्या महिन्यात दांडिया बाजारातल्या एका मुंजीत पानावर बसलो असता शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी मला नेहमीचा प्रश्न विचारला. "तुम्ही ते दक्षिण ध्रुवाकडे राहून आलात म्हणे. वर्षभर तिथे करमले कसे हो?" परत आल्यापासून हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे की उत्तर आता पाठ झाले आहे. मी म्हणालो, "सील होते, पक्षी होते. त्यांच्या सोबतीने दिवस गेले." गृहस्थ प्रसन्न झाले. मठ्ठ्याची वाटी तोंडाला लावता लावता म्हणाले, "मग काय, रोज काहीतरी खाऊ घालत असाल त्यांना!"

नाही म्हणालो, तर त्यांचा विश्वास बसेना. एक दाणा नाही? पोळीचा तुकडा नाही? मग त्या जनावरांशी तुमचा संबंध तो काय राहिला? एवढ्यात जिलबी आली आणि विषय तिथेच राहिला. परंतु त्यांचा प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरी आला.

त्यांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. आपल्या घरांतून मुक्या जिवावर माया करावयाची म्हणजे त्याच्यापुढे काही खावयास ठेवावयाचे, एवढेच आपण शिकलो. मुंग्यांना साखर, गाईला घास, चिमण्यांना तांदळाची कणी आणि वर्षातून पंधरा दिवस कावळ्याला पान. आमच्या अण्णांचा, म्हणजे वडिलांचा, दिवस पोळाच्या तोंडाशी असलेल्या चबुतऱ्यावर कबुतरांना ज्वारी टाकल्याखेरीज सुरू होत नसे. चबुतरा गुजराती शेजाऱ्यांनी बांधलेला, ज्वारी आमच्या घरची. इतक्या पिढ्या भिंतीला भिंत लावून राहिल्यावर पुण्याची वाटणी कोण करीत बसतो! सयाजीरावमहाराजांनी १८७९ मध्ये लोकांना खुल्या केलेल्या कमाटी बागेत माकडांना चोरून शेंगदाणे टाकले नाहीत, असा मुलगा तर आमच्या पिढीत सापडावयाचा नाही. या सगळ्याला अपवाद एकच, तो म्हणजे आमच्या विश्वामित्रीतल्या मगरी. त्यांच्यावर माया करावी असे कोणाच्या मनात येत नाही, आणि तरी भरवस्तीतल्या नदीत त्या पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. ऑगस्ट २०२४ च्या पुरात त्या रस्त्यांवर आल्या तेव्हा त्यांना धरून पुन्हा पाण्यात सोडण्यात आले. शहराने यात काही फार मोठे केले असे कोणी मानले नाही. ती तिच्या जागी, आम्ही आमच्या जागी, हाच तो शेजारधर्म. मला अंटार्क्टिकावर जो शेजार मिळाला तो अण्णांच्या कबुतरांपेक्षा या मगरींच्या शेजाराला अधिक जवळचा होता, आणि माझे म्हणणे असे की दुःखात माणसाला उपयोगी पडतो तो हाच दुसरा शेजार.

२०१७ साली मी भारती या आपल्या तळावर हिवाळा काढला. आपले तिथले पहिले ठाणे, दक्षिण गंगोत्री, १९८३-८४ मध्ये समुद्रावर पसरलेल्या बर्फाच्या लादीवर उभारले होते. ते हळूहळू बर्फातच गाडले गेले. मैत्री हे दुसरे ठाणे १९८९ चे. त्याच्या पायाखाली खडक आहे, परंतु समुद्र तिथून जवळजवळ शंभर किलोमीटर दूर. २०१२ मध्ये सुरू झालेले भारती मात्र थेट समुद्रकाठी, लार्समन टेकड्यांत, ६९ अंश दक्षिण अक्षांशावर आहे. माल वाहण्याचे १३४ पोलादी डबे एकमेकांना जोडून ही इमारत केली आहे, हे सांगितल्याशिवाय कळत नाही. मैत्रीवर राहिलेल्यांना स्कुआ पक्ष्यांचा सहवास घडतो, परंतु सील हवे तर समुद्र हवा.

माझे काम पंपांचे आणि नळांचे. तळाला लागणारे पाणी समुद्रातून ओढून, त्यातले मीठ काढून गोडे करावयाचे. नळ गोठला की तळ तहानलाच. त्यामुळे हवा बरी असेल त्या दिवशी एक सोबती घेऊन काठापर्यंत जाणे मला चुकत नसे. (एकट्याने बाहेर पडावयाचे नाही, हा तिथला पहिला नियम.) मार्चमध्ये शेवटचे जहाज गेले. मागे आम्ही वीस-बावीस जण राहिलो. नोव्हेंबरपर्यंत कोणी येणार नव्हते, कोणी जाणार नव्हते. मेअखेरीस सूर्य जो मावळतो तो जुलैच्या मध्यापर्यंत वर येत नाही. दुपारी उत्तरेला थोडे उजाडल्यासारखे होते, तेवढेच.

तिथे माणसे नाहीत म्हणून करमत नाही, अशी इकडे समजूत आहे. ती चुकीची आहे. तिथे तीच ती माणसे असतात, आणि हेच कठीण. जूनपर्यंत कोणाचा चमचा ताटात कसा वाजतो हे न पाहता ओळखू येते. कोण कोणत्या वारी कोणता विनोद सांगणार, हे ठाऊक असते, आणि हसावे लागते, कारण न हसणे हे तिथे भांडणाइतकेच गंभीर समजले जाते. सगळी माणसे चांगली होती, हे मुद्दाम सांगतो. परंतु चांगल्या माणसांच्या नजरेतही दिवसरात्र राहणे सोपे नसते.

सीलची आणि माझी ओळख आवाजाने झाली, आणि तीही गैरसमजातून. समुद्र गोठून त्यावर चालण्याइतका पक्का झाला होता. नळाची पाहणी करीत असता पायाखालून एक लांब शीळ निघाली आणि वरून खाली घसरत घसरत विरून गेली. पंप बिघडला, असे मला वाटले. पंप ठीक होता. पुन्हा तोच सूर. या वेळी शेवटी चिवचिव, मग तंबोऱ्याची तार सैल करावी तसा उतरत जाणारा कंप. बडोद्यात वाढलेल्या माणसाच्या कानाला मींड कळते. पण ही मींड बर्फाखालून येत होती. सोबत्याने सांगितले, हे वेडेल सील. बर्फाखालच्या पाण्यात एकमेकांना हाका घालतात.

हा प्राणी जगात सर्व सस्तन प्राण्यांपेक्षा अधिक दक्षिणेकडे राहतो, माणूस सोडून. आणि माणूस काही आपल्या बळावर राहत नाही. हिवाळ्यात इतर बहुतेक जीव उत्तरेला निघून जातात तेव्हा वेडेल सील गोठलेल्या समुद्राखाली राहतो. वर हवा उणे तीस असते, खाली पाणी उणे दोनाच्या आसपास. म्हणजे त्याच्या दृष्टीने पाणी हेच उबेचे घर. श्वासासाठी मात्र त्याला वर यावे लागते. त्यासाठी तो बर्फात भोक ठेवतो, आणि ते बुजू नये म्हणून डोके हलवीत हलवीत पुढच्या दातांनी त्याचे काठ खरवडत राहतो. तासाभराहून अधिक काळ पाण्याखाली राहण्याची त्याची ताकद आहे, सहाशे मीटर खोल तो जातो. परंतु त्याचे सगळे जगणे त्या हातभर भोकाशी बांधलेले असते. रोज खरवडावयाचे, रोज ते पुन्हा गोठावयाचे. वयाबरोबर दात झिजत जातात. मी पाणी गोठू नये म्हणून नळाशी झगडत होतो, आणि माझ्या पायाखाली तोच उद्योग कोणीतरी दातांनी करीत होते. त्या दिवसापासून कामाचा कंटाळा म्हणून जो असतो तो मला फारसा जाणवला नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात अण्णा गेले.

बातमी यावयास दोन मिनिटे लागली. मला घरी जावयास पाच महिने लागणार होते. पूर्वीच्या काळी समुद्रापलीकडे गेलेल्या मुलाला पत्र मिळेपर्यंत वर्षश्राद्धही होऊन जाई. त्यात एक प्रकारची दया होती असे मला वाटू लागले आहे. मला सगळे त्याच वेळी ऐकू येत होते. खासवाडीला नेले तेही ऐकले. क्रिया धाकट्या भावाने केली. दहाव्या दिवशी मंडळी चांदोदला नर्मदाकाठी गेली, पिंड ठेवला, आणि कावळा शिवेना. अर्धा तास झाला, तास झाला. आत्या म्हणाली, थोरल्यात जीव अडकला आहे. भावाने तिथून फोन लावला आणि म्हणाला, "दादा, तूच बोल." फोन त्याने पिंडाच्या दिशेने धरला असावा, मला फक्त नदीवरचा वारा ऐकू येत होता. मी भारतीच्या गल्लीत भिंतीकडे तोंड करून म्हणालो, "अण्णा, मी नीट आहे. मी येईन." थोड्या वेळाने कावळा शिवला.

कावळा का शिवला असेल याची सरळ कारणे मी देऊ शकतो. मी यंत्रांचा माणूस आहे. परंतु त्या क्षणी मी भिंतीला टेकून खाली बसलो, हेही खरे आहे.

मग आत्या फोनवर आली. "हे बघ, त्याने तुझ्या हातचे काही घेतले नाही. तिथल्या कावळ्यालाही तू एक घास ठेव."

"आत्या, इथे कावळा नाही."

"मग जो कोणी पक्षी असेल तो."

"आता पक्षीच नाहीत. सगळे गेले."

"कुठे गेले?"

मला एकाच पक्ष्याचे नक्की ठाऊक होते, तेच मी सांगितले. विल्सन स्टॉर्म पेट्रेल म्हणून चिमणीहून थोडा मोठा, काळा, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा असलेला पक्षी आहे. उन्हाळ्यात तो लार्समन टेकड्यांच्या खडकांतल्या फटींत घरटे करतो आणि थंडी आली की विषुववृत्त ओलांडून उत्तरेला जातो. आपल्या पावसाळ्यात तो अरबी समुद्रात, कोकण-गोव्याच्या किनाऱ्यापासून आत, लाटांवर पाय टेकीत फिरताना दिसतो. मी म्हणालो, "इथला एक पक्षी तुमच्या बाजूच्या समुद्रावर गेला आहे." आत्या थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे ते इकडे येतात आणि तू तिकडे जाऊन बसतोस."

आमच्या सोबत्यांनी त्या दिवसांत मला जपले. स्वयंपाक्याने न सांगता दहा दिवस माझ्यापुरते साधे जेवण केले. डॉक्टर रोज काहीतरी निमित्त काढून खोलीत डोकावत. कोणी पत्त्यांना बोलावी, कोणी मुद्दाम बोलावीत नसे. या उपकाराची फेड होणार नाही. तरी आज जे लिहावयास बसलो आहे ते खरे लिहिले पाहिजे. ती सहानुभूती मला पेलत नसे. मी जेवलो की नाही इकडे वीस माणसांचे लक्ष असे. मी हसलो तर सगळ्यांना हायसे वाटे, म्हणून मी हसत असे. दुःख माझे आणि त्याची निगा मात्र मी त्यांच्यासाठी राखीत होतो. नळाकडे जाताना सोबतीला येणारा माणूस अबोल होता, हे माझे भाग्य. तिथे उभे राहिले की बर्फाखालून मधूनमधून ती शीळ येई. तिला माझे वडील गेल्याचे ठाऊक नव्हते. ती माझ्यासाठी नव्हती, माझ्यामुळे थांबणार नव्हती, मी रडलो काय आणि न रडलो काय, तिच्यात फरक पडणार नव्हता. त्या अंधारात मला जो मोकळा श्वास मिळाला तो एवढ्याच कारणाने मिळाला.

परत आल्यावर हे सांगितले की सुशिक्षित माणसे एक उपाय सुचवितात. अहो, मग तिथे एखादा कुत्रा का ठेवीत नाहीत? माणसांना विरंगुळा होईल. सूचना प्रेमळ आहे, आणि नवीनही नाही. अंटार्क्टिकाच्या भूमीवर पहिली कुत्री १८९९ मध्ये उतरली. पुढे जवळजवळ शंभर वर्षे ती तिथे होती. आमुंडसेन १९११ मध्ये दक्षिण ध्रुवावर पोचला तो त्यांच्याच बळावर. ऑस्ट्रेलियाचा मॉसन तळ १९५४ चा, तिथेही कुत्री होती, आणि हिवाळा काढणाऱ्या कित्येकांनी आपली सारी माया त्यांना दिली. १९९१ च्या माद्रिद करारान्वये ठरले की १ एप्रिल १९९४ पर्यंत झाडून सगळी कुत्री तिथून काढावयाची. कुत्र्यांचे रोग सीलना लागतील ही एक भीती होती. निरोप देताना मोठमोठे पुरुष ढासळले, असे वाचले आहे, आणि मी त्यांना हसणार नाही.

परंतु ही कुत्री खात काय होती, हे सुचविणारे कधी विचारीत नाहीत. ती सीलचे मांस खात. त्यासाठी दरवर्षी सील मारावे लागत. म्हणजे एका जिवाने आपल्याकडे पाहून शेपूट हलवावी, यासाठी जो आपल्याकडे पाहतही नाही त्याला मारावयाचे. माणसाच्या विरंगुळ्याचा हा हिशेब मला पटत नाही. आणि दुसरे असे की कुत्राही आपल्याकडे पाहतच असतो. धनी उदास झाला की तोही उदास होतो. म्हणजे तो एकविसावा सोबती. मला तो आवडला असता यात शंका नाही. माझा मात्र त्याने तेव्हा काही फायदा झाला नसता.

त्याच जून महिन्यात आमच्या टेकड्यांपासून काही कोसांवर, अमांडा उपसागरात, हजारो एम्परर पेंग्विन अंधारात उभे होते. २००८ पासून ती जागा संरक्षित आहे; परवान्यावाचून तिथे पाऊल टाकावयाचे नाही, आणि हिवाळ्यात आम्हांला तिकडे जाण्याचे कामही नव्हते. मी त्यांना त्या वेळी पाहिले नाही. पण ते तिथे आहेत हे ठाऊक होते. मादी अंडे घालून समुद्राकडे निघून जाते आणि नर ते पायांवर घेऊन, पोटाच्या घडीने झाकून, सुमारे पासष्ट दिवस उभा राहतो. जोडी जमल्यापासून मोजले तर त्याला जवळजवळ चार महिने उपास घडतो. वादळ आले की सगळे एकमेकांना चिकटतात, आणि कडेचे हळूहळू आत सरकत राहतात. माझ्या एका सोबत्याने सांत्वनासाठी हे उदाहरण दिले, वडिलांचे प्रेम वगैरे. मी त्याला हात जोडले. पेंग्विनाला आपल्या कीर्तनात उभे करण्याची आपल्याला फार घाई असते. तो वत्सल आहे म्हणून मला बरे वाटत नव्हते. माझ्या घरी जे घडले त्याचा ज्याला स्पर्शही नाही असे काहीतरी चार कोसांवर चालू आहे, नेटाने चालू आहे, एवढे पुरत होते. रात्री झोप येईना तेव्हा मी त्यांची कल्पना करीत असे. त्यात अण्णा कुठे नसत.

सूर्य परत आला. पितृपक्ष सप्टेंबरमध्ये होऊन गेला, तेव्हाही आकाश रिकामेच होते. ऑक्टोबरच्या मध्यास सीलच्या माद्या बर्फावर येऊन पडल्या आणि एके दिवशी काठापासून थोड्या अंतरावर, तांबडा डाग पडलेल्या बर्फावर, एक पिल्लू दिसले. जन्मताच ते पंचवीस-तीस किलोचे असते, कातडे मात्र अंगापेक्षा दोन माप मोठे. आईचे दूध निम्म्याहून अधिक स्निग्ध असते, त्यावर ते पाहता पाहता भरत जाते. आणि ती मात्र वाळत जाते, कारण त्या दिवसांत ती स्वतः जवळजवळ काही खात नाही. पंधरवड्यात ती पिल्लाला पाण्यात नेऊ लागते. आम्ही ठरवून दिलेल्या अंतरावरून हे सगळे पाहत असू. त्या अंतराचा मला पहिल्या दिवशी राग आला. वाटले, एवढ्या मोठ्या बर्फात एक माणूस चार पावले पुढे गेला तर काय बिघडते! दुसऱ्या दिवशी वारा सुटला, पिल्लू ओरडू लागले आणि त्या मादीने कूस बदलून त्याला वाऱ्याआड घेतले. मी पुढे गेलो असतो तर तिने कूस माझ्या बाजूने बदलली असती, आणि पिल्लू वाऱ्यात राहिले असते. एवढेच बिघडते.

त्याच दिवसांत स्कुआ आले. हा तपकिरी, मजबूत पक्षी चोचीने आणि चालीने समुद्रपक्षी असला तरी वृत्तीने शुद्ध कावळा आहे. मेलेले खातो, दुसऱ्याची अंडी पळवितो, सीलची वार उचलून नेतो आणि माणसापासून दूर पळत नाही; उलट जवळ येऊन मान वाकडी करून निरखतो. पूर्वी तळांचे खरकटे उघड्यावर पडे तेव्हा स्कुआ त्यावर पोसले जात. आता ते बंद आहे. तरी स्वयंपाकघराचे दार उघडले की तो येऊन बसतो, आशा सोडीत नाही. कोरियन संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले की घरट्याजवळ आलेल्या माणसाला स्कुआ पुढे इतर माणसांतून ओळखून काढतो. आपला कावळाही हे करतो, असे अण्णा सांगत.

मला आत्याचे बोलणे आठवत होतेच. एका रविवारी मी स्वयंपाक्याकडून मूठभर भात मागितला, त्यावर दही घातले, वर तीळ घातले, कागदात बांधला आणि खिशात ठेवला. कोणाला बोललो नाही. नळाचे काम झाले, सोबती यंत्राशी वाकलेला होता, आणि स्कुआ आपण होऊन आला. पाच हातांवर खडकावर बसला. मी दक्षिणेकडे तोंड करावयास गेलो, आणि इथे दक्षिण म्हणजे मागचा सगळा बर्फच आहे हे ध्यानात आले. पुडी हातात घेतली. त्याने ती पाहिली.

लिहावयास सोपे जावे म्हणून सांगता येईल की मला करार आठवला, कलम आठवले. कलम आठवले नाही. मला ते पिल्लू आठवले, आणि वाऱ्याच्या बाजूला गेलेली आई. सहा महिने ज्या जिवांनी माझ्याकडे काही मागितले नाही आणि मला काही दिले नाही, म्हणून मी उभा राहू शकलो, त्यांतल्या एकाला मी आता माझ्या घरच्या कामाला लावणार होतो. तो माझ्या पितरांचा दूत नव्हता. तो उत्तरेकडून दूरवरच्या समुद्रावरून घरटे करावयास आलेला एक पक्षी होता, आणि उद्यापासून तो माझ्या खिशाकडे पाहत राहिला असता. मी पुडी परत खिशात ठेवली. तो आणखी थोडा वेळ बसला, मग उठून टेकडीपलीकडे गेला.

यावर एक आक्षेप मला माझ्याच घरात ऐकावा लागला आहे, आणि तो दुबळा नाही. आपले कावळ्याशी असलेले नाते घासाचे आहे म्हणूनच तर ते हजारो वर्षे टिकले. जे काही मागत नाही, देत नाही, त्याला नाते म्हणावयाचे कशाला? मला याचे पुरते उत्तर सापडलेले नाही. मी एवढेच पाहिले की कावळा आपल्या दाराशी पिढ्यान्‌पिढ्या राहिला, त्याने आपली रीत शिकून घेतली. तिथल्या जिवांनी ती शिकावी असे मागण्याचा आपला काय अधिकार? फेब्रुवारी २०२४ मध्ये अंटार्क्टिका द्वीपकल्पावरील अर्जेंटिनाच्या एका तळाजवळ मेलेल्या स्कुआंत पक्ष्यांच्या फ्लूची घातक जात सापडली. तो रोग रानपक्ष्यांनीच तिथवर नेला, कोणा माणसाच्या घासाने नव्हे. परंतु त्या पक्ष्याला मरणाची किती दारे उघडी आहेत हे वाचून मला त्या रविवारचा कागद आठवला. आपल्याकडेही २०२२ मध्ये अंटार्क्टिकासंबंधी कायदा झाला. तिथल्या पशुपक्ष्यांना त्रास देणे हा आता आपल्या देशाच्या कायद्यानेही गुन्हा आहे. चांगले झाले. पण कायदा पाळणे वेगळे, आणि खिशात वडिलांचा घास असताना तो पाळणे वेगळे.

उरली त्या घासाची गोष्ट. तो मला खाववेना, टाकवेना. तिथे टाकण्याला जागाही नाही. प्रत्येक वस्तू कुठल्या पिंपात जावयाची हे ठरलेले असते. रात्री सगळे झोपल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो आणि तो अन्नाच्या कचऱ्याच्या पिंपात ठेवला. टाकला नाही, ठेवला. झाकण लावून थोडा वेळ उभा राहिलो.

नोव्हेंबरात निघालो, घरी पोचलो. आत्याने दारातच विचारले, "पक्षी आले होते का रे मग?" मी म्हणालो, आले होते. "घेतला ना?" त्यावर मी मान हलविली. ती हो अशी होती की नाही अशी, हे माझे मला सांगता येणार नाही. तिने ती हो अशी घेतली आणि तिच्या जिवाला बरे वाटले. पुढच्या पितृपक्षात गच्चीच्या कठड्यावर मी स्वतः पान ठेवले, कावळा पहिल्या हाकेला आला, आणि आत्या म्हणाली, तिकडचे पावले.

आत्याला हल्ली वाचता येत नाही. रविवारचे हे पान माझा भाऊ तिला दुपारी वाचून दाखवितो, आणि कुठे अडचणीचा मजकूर आला की तो गाळून पुढे जातो, हे आम्हां सगळ्यांना ठाऊक आहे. आज त्याने काही गाळू नये.